‘धबधबा’ ही संज्ञा आणि नियोजनप्रधान सॉफ्टवेअर-रचना

एखाद्या विचारास लाभलेले नाव पुष्कळदा त्या विचाराहून बलवत्तर ठरते. सॉफ्टवेअर-रचनेच्या नियोजनप्रधान पद्धतीस रूढ झालेली ‘वॉटरफॉल’, म्हणजे ‘धबधबा’, ही संज्ञा याचे बोलके उदाहरण होय.

प्रथम गरजा निश्चित कराव्यात. मग विश्लेषण, आराखडा, आज्ञावलीचे लेखन, चाचणी व अखेरीस वापर या क्रमाने जावे, आणि प्रत्येक टप्प्याचे दस्तऐवज पुढील टप्प्यास आधारभूत व्हावेत, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षणयंत्रणेची आज्ञावली अशा टप्प्यांनी कशी सिद्ध झाली, याचे वर्णन हर्बर्ट बेनिंग्टन यांनी १९५६ साली केले होते.

विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये हाच क्रम सात पायऱ्यांच्या आकृतीने मांडला. मात्र केवळ त्याच क्रमाने जाणे धोक्याचे आहे, असे त्यांनी लगेच बजावले. चाचणी शेवटी येत असल्यामुळे वेळेच्या व स्मृतिसंचयाच्या मर्यादा तोवर फक्त कागदावर असतात. त्या वेळी मोठा दोष आढळल्यास आराखड्यापर्यंत, किंबहुना गरजांपर्यंत, मागे जावे लागते. म्हणून नव्या प्रकारची आज्ञावली दोनदा रचावी आणि ग्राहकास आरंभापासून सहभागी करावे, असे त्यांनी सुचविले. तथापि ते नियोजनाचे विरोधक नव्हते. दस्तऐवजांविषयीचा त्यांचा आग्रह तर अतिशय कडक होता.

रॉइस यांच्या लेखात ‘वॉटरफॉल’ हा शब्द कोठेही नाही. तो १९७६ साली बेल व थेअर यांच्या लेखात आढळतो. धबधब्याचे पाणी मागे चढत नाही. साहजिकच आकृतीतील मागे वळणारे बाण या रूपकात बसत नाहीत. रूपकाने क्रम तेवढा राखला आणि इशारा गाळला. अमेरिकी संरक्षण विभागाच्या १९८५ च्या २१६७ क्रमांकाच्या मानकाचा अर्थही व्यवहारात बहुधा असाच एकेरी लावला गेला. १९९४ साली त्याच्या जागी नवे मानक आले.

यावरून नियोजन त्याज्य ठरत नाही. जेथे गरजा स्थिर असतात आणि एका दोषाने जीवितहानी होऊ शकते, तेथे पूर्वनियोजनावाचून गत्यंतर नाही. प्रश्न एवढाच, की कागदावर घेतलेला निर्णय अनुभवाच्या कसोटीस केव्हा लागतो. रॉइस यांचा प्रश्न नेमका हाच होता. त्यांच्या नावावर जमा झालेल्या पद्धतीस मात्र तो विचारता आला नाही.