मंडपाबाहेरचा आवाज

फ्लोरिडा संस्थानात, टँपा शहराच्या दक्षिणेस अलाफिया नदीच्या काठी गिब्सन्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावचे रहिवासी वॉर्ड हॉल हे 31 ऑगस्ट 2018 रोजी, वयाच्या 88व्या वर्षी निवर्तले, तेव्हा तलवार गिळणारे, आग खाणारे, खिळ्यांच्या पाटावर निजणारे आणि नखशिखांत अंग गोंदवून घेतलेले, असे अमेरिकाभर विखुरलेले कितीतरी स्त्रीपुरुष एकाच वेळी पोरके झाले. हॉल यांच्या देहात जन्मतः नवलाचे असे काहीच नव्हते. ते आग खाण्यास शिकले, सुरे फेकण्यास शिकले, शब्दभ्रमाचे खेळही त्यांनी केले. पण ज्या कामासाठी ते ओळखले गेले ते काम होते मंडपाबाहेर उभे राहून बोलण्याचे. आत बसलेल्या नवलाच्या माणसांची ओळख बाहेरच्या जगाला करून देणारा तो आवाज होता, आणि तो जवळजवळ सत्तर वर्षे चालू होता.

ज्या संस्थेसाठी हे आयुष्य वेचले गेले ती आपल्याकडील वाचकाला थोडी समजावून दिली पाहिजे. सर्कशीच्या मुख्य तंबूकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, किंवा जत्रेच्या मैदानाच्या एका अंगाला, जो स्वतंत्र तंबू असे त्यास ‘साइड शो’ म्हणत. आणि एकाच तिकिटात दहा प्रयोग दाखविण्याची जी तजवीज विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली ती ‘टेन-इन-वन’ या नावाने प्रसिद्धीस आली. तंबूच्या दर्शनी बाजूस पुरुषभर उंचीपेक्षाही मोठ्या कापडी चित्रांची रांग टांगलेली असे आणि तिच्या पुढ्यात एक मचाण. या मचाणावर एखादा आगखाऊ किंवा तलवारबहाद्दर येऊन उभा राही, आणि त्याच्या शेजारी उभा राहून ‘टॉकर’, म्हणजे मंडपाबाहेर बोलणारा माणूस, बोलू लागे. चार माणसे थबकली की तो त्यांना दोन पावले पुढे बोलावी, पुढच्यांच्या मागे आणखी चार जमत, आणि असे दाटीने उभे राहिलेल्या माणसाला मागे फिरणे जड जाते हे तो पक्के जाणून असे. मचाणावरचा प्रयोग ऐन रंगात येतो न येतो तोच तो थांबवून, उरलेला आत पाहा, असे म्हणावयाचे आणि त्याच क्षणी तिकिटाची खिडकी उघडावयाची, हे सारे कौशल्य शब्दांचे आणि क्षण साधण्याचे. ज्या टॉकरला हा क्षण साधत नसे त्याच्या मंडपात आतले कलावंत कितीही गुणी असले तरी संध्याकाळी गल्ला रिकामा राही.

आतल्या प्रयोगांना हातचलाखी समजण्याचा मोह पुष्कळांना होतो. हा समज त्या माणसांवर अन्याय करणारा आहे. शिरहीन बाईसारखे दृष्टिभ्रमाचे खेळ त्यांत असतात हे खरे. परंतु तलवार गिळणारा मनुष्य खरोखरच तलवार गिळतो. मान मागे टाकून तो मुख, घसा आणि अन्ननलिका एका सरळ रेषेत आणतो. घशाला परक्या वस्तूचा स्पर्श होताच जी उबळ येते ती त्याने दीर्घ अभ्यासाने काबूत आणलेली असते. आणि मग ते थंड पोलाद हृदयाच्या अगदी निकटून जठरापर्यंत उतरते. ब्लेड बॉक्सचा खेळही तसाच. एक मुलगी पेटीत निजते, झाकण लागते, आणि वरून एकामागून एक पोलादी पाती आरपार घातली जातात. मग टॉकर प्रेक्षकांना सांगतो की आणखी थोडे पैसे देऊन वर या आणि तिने आपला देह कसा वळविला आहे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. वर चढलेल्या माणसाला दिसते ते एवढेच, की पात्यांच्या मधल्या अरुंद जागांतून त्या मुलीने आपले अंग गुंडाळून बसविले आहे आणि ती त्याच्याकडे पाहून हसते आहे. फसवणुकीची अपेक्षा धरून आलेल्याला तेथे एका देहाची शिस्त पाहावयास मिळते.

या मंडळींची कमाई केवळ मालकाने दिलेल्या वेतनावर अवलंबून नसे. प्रत्येक जण आपले छायाचित्र असलेली कार्डे विकी, त्यांवर सही करून देई, आणि त्या विक्रीचा पैसा त्याच्या पदरी पडे. उन्हाळाभर अशी मिळकत करून हिवाळ्यात ही माणसे गिब्सन्टनला येत. आठ फुटांहून उंच म्हणून जाहिरात होणारे अल् टोमैनी आणि त्यांची पत्नी, जन्मतः पाय नसलेली जीनी, यांनी तेथे मासेमारीचा तळ आणि खाणावळ चालविली. अल् टोमैनी गावच्या अग्निशमन दलाचे प्रमुखही झाले. टपालकचेरीत ठेंगण्या माणसांसाठी खिडकीचा फळा खाली बसविलेला होता, आणि घराच्या अंगणात हत्ती किंवा जत्रेतील पाळण्यांची यंत्रसामग्री ठेवण्यास गावच्या नियमांनी मुभा दिलेली होती. ज्या माणसांकडे इतरत्र लोक वळून वळून पाहत, त्यांना या गावात दुकानदार उधारीवर सामान देई आणि शेजारी अंगणात हत्ती पाहूनही आपल्या वाटेने जाई. मला या गावाचे मोठेपण यातच दिसते.

साइड शोतील माणसांत एक भेद पूर्वापार मानला गेला आहे: काही जन्मानेच निराळी, तर काही स्वतःच्या निश्चयाने निराळी झालेली. गोंदवून घेतलेली माणसे दुसऱ्या वर्गातली. 8 डिसेंबर 1891 रोजी न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने गोंदणाच्या विद्युत्‌यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनने लेखी मजकुराच्या प्रती काढण्याकरिता कागदाला छिद्रे पाडणारी जी विजेची लेखणी केली होती तिच्यावरून त्याने हे यंत्र बेतले होते. हाताने टोचण्यास जे काम महिनोन्‌महिने लागत असे ते या यंत्राने पुष्कळच लवकर होऊ लागले, आणि सर्वांगावर चित्रे असलेली माणसे सर्कशीच्या तंबूंत मोठ्या संख्येने दिसू लागली. त्यांत बेटी ब्रॉडबेंट यांचे नाव आजही सर्वांत आदराने घेतले जाते. न्यूयॉर्कमधील चार्ली वॅग्नर या नामांकित कारागिराकडून त्यांनी अंग गोंदवून घेतले आणि 1927 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत दाखल झाल्या. त्यांच्या देहावर साडेतीनशेच्या वर चित्रे होती: पाठीवर बालकाला घेतलेली मेरी, एका पायावर अटलांटिक ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग, दुसऱ्या पायावर मेक्सिकोचा बंडखोर पांचो व्हिया. 1939 च्या न्यूयॉर्कमधील जागतिक प्रदर्शनात भरलेल्या सौंदर्यस्पर्धेत त्या उतरल्या. बक्षीस मिळणार नाही हे ठाऊक असूनही उतरल्या. चाळीस वर्षे त्यांनी हा व्यवसाय केला, 1967 मध्ये निवृत्ती पत्करली, आणि 1981 साली गोंदणकलेच्या सन्माननीयांच्या मालिकेत पहिले नाव त्यांचेच नोंदले गेले. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. मेल्यानंतर दागदागिने येथेच राहतात, बरोबर येते ते गोंदण, अशी आपल्याकडील बायकांची जुनी श्रद्धा आहे. आज यंत्राने गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या तरुण पिढीने ब्रॉडबेंटबाईंना आपले पूर्वज मानले, त्यामागची भावना त्या श्रद्धेहून फार दूरची नाही.

परंतु जन्मानेच निराळ्या असलेल्या माणसांचे प्रदर्शन करावे काय, हा प्रश्न टाळून या संस्थेविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिचा इतिहास कलंकरहित नाही. चेहऱ्यावर आणि अंगावर दाट केस असलेली मेक्सिकोची हुलिया पास्त्राना 1860 साली मॉस्कोत बाळंतपणानंतर मरण पावली, तेव्हा तिचा पती, जो तिचा व्यवस्थापकही होता, त्याने तिचे आणि तिच्या मृत अर्भकाचे शव मसाला भरून पुन्हा प्रदर्शनात मांडले. तिच्या देहाला स्वदेशाची माती मिळण्यास 2013 साल उजाडावे लागले. असे दाखले डोळ्यांसमोर असताना कायद्याने असली प्रदर्शने बंद पाडावीत असे एखाद्या सहृदय मनुष्यास वाटले तर त्याला दोष कोण देईल? फ्लोरिडात 1921 पासून असा मनाई करणारा कायदा होताच. मात्र त्या मनाईने ज्यांचे संरक्षण व्हावयाचे त्यांनाच कोणी विचारले नव्हते. हॉल आणि त्यांच्या साथीदारांनी या कायद्याविरुद्ध दाद मागितली. खांद्यांनाच पंजे फुटलेले स्टॅन्ली बेरेन्ट आणि ठेंगणे आगखाऊ पीट टर्ह्यून यांची नावे त्या फिर्यादीत होती, आणि 1972 साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरविला. शारीरिक व्यंग असलेल्या मनुष्यालाही आपल्या शक्तीनुसार उपजीविका करण्याची वाजवी संधी असली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता.

पुढे 1984 मध्ये ओटिस जॉर्डन या कलावंताचीही हीच कथा झाली. हातापायांत बळ नसताना केवळ ओठ आणि जीभ यांच्या साह्याने सिगारेट वळून, पेटवून ओढणारा हा कृष्णवर्णीय गृहस्थ. त्याच्या कणवेपोटी एका बाईंनी तक्रार केली आणि त्याला न्यूयॉर्कच्या राज्यजत्रेतील मुख्य वाटेवरून हलविण्यात आले. त्याने त्याला विरोध केला, आणि अखेरची वर्षे कोनी आयलंडच्या साइड शोत सन्मानाने प्रयोग करीत काढली. दयेपोटी दिलेला हुकूम आणि माणसाला त्याचे मत विचारणे या दोहोंत मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि हॉल आयुष्यभर त्याच बाजूने उभे राहिले म्हणून त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

हॉल 1930 साली नेब्रास्कात जन्मले आणि कोवळ्या वयातच शाळा सोडून सर्कशीत शिरले. ख्रिस ख्राइस्ट यांच्याशी त्यांची भागीदारी सुमारे अर्धशतक टिकली, आणि दोघांचा ‘वर्ल्ड ऑफ वंडर्स’ हा मंडप, बाकीचे असले मंडप एकेक करून मिटत गेले तरी, गावोगावच्या जत्रांत उभा राहत गेला. पीट टर्ह्यून त्यांच्याबरोबर कित्येक दशके होते. वैद्यकशास्त्राची प्रगती झाली, लोकांची अभिरुची बदलली, जत्रांतील जागा यांत्रिक पाळण्यांना अधिक भाड्याने दिली जाऊ लागली. जन्मतः निराळी माणसे मंचावरून ओसरली आणि त्यांची जागा स्वतः निराळी झालेल्या तरुणांनी घेतली. या तरुणांना हॉल यांनी मंच दिला आणि जुन्या धंद्याची बोली शिकविली. त्यांच्या मृत्यूचा शोक सर्वाधिक मोकळेपणाने याच पिढीने केला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. मचाणावर उभ्या असलेल्या कलावंताला प्रेक्षक पाहतो, पण त्याच्याविषयी काय समजावयाचे हे टॉकरच्या शब्दांवरून ठरते. तेच शब्द त्याची विटंबनाही करू शकतात आणि त्याची प्रतिष्ठाही राखू शकतात. कलावंत स्वतः त्या वेळी बहुधा मूक असतो, कारण त्याच्या तोंडात तलवार किंवा पेटता बोळा असतो. आपल्यासाठी बोलणारा गेला, हे दुःख ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दांवर विसंबावे लागले त्यालाच पुरते कळेल.

फिरत्या कलावंतांच्या वाट्याला असा शोक नेहमी आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विलायतेत गेलेला आणि तलवार गिळण्याच्या प्रयोगाने गाजलेला आपला दक्षिण हिंदुस्थानी कलावंत रामो सामी 1850 साली लंडनमध्ये वारला, तेव्हा त्याच्या दफनाच्या खर्चासाठी विधवेला वृत्तपत्रातून लोकांपुढे पदर पसरावा लागला. 22 जून 1918 रोजी इंडियाना संस्थानात हेगनबेक-वॉलेस सर्कशीच्या आगगाडीवर मागून एक रिकामी लष्करी गाडी येऊन आदळली आणि 86 माणसे मेली. शिकागोजवळच्या वुडलॉन दफनभूमीत शोमेन्स लीग या खेळवाल्यांच्या संघटनेने आपल्या माणसांसाठी घेतलेल्या जागेत त्यांतील पुष्कळांना मूठमाती मिळाली. तेथे आज सोंड खाली सोडलेले दगडी हत्ती उभे आहेत. परंतु कित्येक थडग्यांवर ‘अज्ञात पुरुष’ एवढेच कोरलेले आहे, तर कोणावर ‘बाल्डी’, कोणावर ‘स्मायली’, कोणावर ‘चार घोड्यांचा सारथी’. हंगामापुरती कामास लागलेली, टोपणनावांनीच हाक मारली जाणारी ही माणसे; सोबत्यांनाही त्यांची खरी नावे ठाऊक नव्हती. अपघातानंतर इतर सर्कसवाल्यांनी साहित्य आणि कलावंत उसने दिले, आणि त्या सर्कशीचे दोनच मुक्काम चुकले.

फिरत्या कलावंतांची नावे मागे न उरण्याच्या या उणिवेची भरपाई हॉल यांनी आपल्या परीने केली होती. 1991 साली त्यांनी ‘माय व्हेरी अनयूज्वल फ्रेंड्स’ हे पुस्तक लिहून आपल्या सहकाऱ्यांच्या हकिगती नोंदविल्या. मंडपाची जबाबदारी त्यांच्या हयातीतच टॉमी ब्रीन या तरुण सहकाऱ्याकडे आली होती. त्यामुळे पुढच्या हंगामातही चित्रांची रांग टांगली गेली, मचाणावर कोणीतरी तलवार घेऊन उभे राहिले, आणि त्याच्या शेजारून बोलण्याचे काम हॉल यांच्याकडून ते शिकलेल्या माणसांनी केले.