क्वांटम संगणक आणि सॉफ्टवेअरचा कारागीर

संगणकाच्या क्षेत्रात सध्या 'क्वांटम' या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. यंत्रमाग, फर्निचर, चामडे, भंगार अशा धंद्यांत पै पै जमवून आपल्या समाजातील पालक मुलामुलींना संगणक अभियंता करीत आहेत. या नव्या क्षेत्रातला सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर काम तरी काय करतो, त्याला शिक्षण कोणते लागते आणि या धंद्यावर भरवसा किती ठेवावा, हे आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आधी यंत्राविषयी. साध्या संगणकातील बिट ० तरी असतो किंवा १ तरी. क्वांटम संगणकातील क्युबिट मोजण्यापूर्वी दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. ही अवस्था फार नाजूक असते. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या यंत्रांत क्युबिट शून्याखाली सुमारे २७३ अंश इतक्या थंडीत ठेवावे लागतात. मे २०१६ मध्ये या कंपनीने पाच क्युबिटचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांना वापरायला खुले केले. पुढे मार्च २०१७ मध्ये 'किस्किट' ही सॉफ्टवेअर प्रणाली मूळ कोडसह विनामूल्य दिली. सॉफ्टवेअर इंजिनिअरचे काम येथे सुरू होते.

सोलापुरी चादरीच्या धंद्यातील बांधवांना जॅकार्डची ओळख करून द्यायला नको. नक्षी कागदावर कितीही सुंदर असो, ती त्या मागाला झेपेल अशी बसवून द्यावी लागते. येथेही तसेच आहे. शास्त्रज्ञ गणिताची नक्षी देतो. इंजिनिअर ती यंत्रावर बसवणारे सॉफ्टवेअर लिहितो. चिपवर प्रत्येक क्युबिट दुसऱ्या प्रत्येकाला जोडलेला नसतो. लांबच्या दोघांना एकत्र आणायचे तर मधल्यांशी अदलाबदल करावी लागते आणि अशा एका अदलाबदलीला साधारणपणे तीन क्रिया खर्ची पडतात. प्रत्येक क्रियेत थोडी चूक होते आणि ती साचत जाते. सोनाराला जशी घट, तशी याला ही चूक. तेच काम कमी क्रियांत करून देणे, यातच या कारागिराचा हुनर आहे.

दुसरी अडचण चाचणीची. क्वांटम यंत्राची पूर्ण नक्कल साध्या संगणकावर करायची तर ३० क्युबिटसाठी सुमारे १६ जीबी मेमरी लागते, ३१ साठी ३२ जीबी. दर क्युबिटला दुप्पट. ४० क्युबिटला हा आकडा १६,००० जीबीच्या वर जातो. म्हणून लहान तुकड्यांवर तपासून मोठ्या कामाची खात्री करण्याचे कसब लागते.

'सीनिअर' हा मान मात्र प्रमाणपत्राने मिळत नाही. इतरांचा कोड तपासणे, नवख्यांना शिकवणे आणि जुन्या ग्राहकांचे प्रोग्रॅम बंद पडू न देणे ही उस्तादाची कामे त्याच्याकडे असतात. रोज वजनमाप बदलणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक टिकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये किस्किटची १.० आवृत्ती आली ती स्थैर्याचे आश्वासन देऊनच. तिचे संथ चालणारे भाग पायथॉनमधून रस्ट या वेगवान भाषेत नव्याने लिहिले जात गेले.

शिक्षणाचे म्हणाल तर यंत्र घडविणाऱ्याला बहुधा भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट लागते. सॉफ्टवेअरवाल्याला चांगली पदवी, मॅट्रिक्सचे पक्के गणित, पायथॉन आणि साध्या सॉफ्टवेअरमधील काही वर्षांचा अनुभव ही शिदोरी पुरू शकते. 'अल्गोरिदम' हा शब्द ज्यांच्या नावावरून आला ते अल्-ख्वारिझ्मी नवव्या शतकात बगदादला होऊन गेले. त्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी मुलांचे गणित कच्चे राहू देऊ नये.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या यंत्राची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याचे क्युबिट मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडविले, नियंत्रणाची यंत्रणा पुण्यातील डीआरडीओच्या प्रयोगशाळेने तयार केली आणि ते दुरून वापरण्याचे सॉफ्टवेअर टीसीएसने लिहिले. म्हणजे तीन भागीदारांपैकी एकाचा वाटा सॉफ्टवेअरचा होता.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ही यंत्रे अजून चुका करतात. रोजच्या व्यापारात त्यांच्यावर मोठी कमाई होण्याचे दिवस यायचे आहेत. नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्या संशोधनाच्या पैशावर चालतात. तेव्हा सहा महिन्यांत क्वांटम इंजिनिअर करून देतो, असे सांगून कोणी लाखाची फी मागितली, तर दागिने गहाण टाकून ती भरू नका. किस्किट शिकायला पैसे लागत नाहीत. घरातला साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी पुरे.

मुलाने वा मुलीने आधी साध्या सॉफ्टवेअरमध्ये हात पक्का करावा आणि सोबत हे शिकत राहावे. क्वांटमचा बाजार उशिरा फुलला, तरी गणित आणि कोड लिहिण्याचा हुनर वाया जात नाही. त्यावर हलाल रोजी कुठेही मिळेल, इन्शाअल्लाह.