ओल नेमकी कुणाची?

पुण्यात अकरा महिन्यांचा करार संपताना डिपॉझिटवरून जी वादावादी होते, तिच्यात एक भिंत हमखास असते. बहुतेकदा बेडरूममधली, पश्चिमेची, कपाटामागची. कपाट ओढलं की काळे-हिरवे ठिपके दिसतात, रंगाचे पोपडे हातात येतात. घरमालक म्हणतात, "तुम्ही ओले कपडे घरातच वाळत घालता, खिडक्या उघडत नाही." भाडेकरू म्हणतो, "काका, पाणी बाहेरून येतंय, मी काय करू?" खरं कोण, हे ठरवायला आजवर भिंतीला हात लावून पाहण्यापलीकडे काही नव्हतं. आता काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक मिळतो. दिवसभराची नोंद ठेवून मोबाइलवर आलेख दाखवणारा थोडा महाग, पण एका रंगकामापेक्षा कितीतरी स्वस्त.

हवा मोजण्याची या शहराला जुनी सवय आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं. शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, हे त्या नोंदींतून आपल्याला माहीत आहे. पण ही बाहेरची हवा. आपण झोपतो त्या खोलीतली हवा कुणी मोजत नाही.

ब्रिटनमध्ये घरातल्या हवेचं मोजमाप वाढलं त्यामागे एक दुःखद प्रकरण आहे. रॉचडेलमधल्या भाड्याच्या घरात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा विकार होऊन तो दगावला, असा निष्कर्ष मृत्यूच्या अधिकृत चौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या; घर देणाऱ्या संस्थेने दोष त्यांच्या राहणीवर ढकलला होता. आपल्या काकांचं वाक्य तेच, फक्त इंग्रजीत. पुढे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातल्या मालकांवर बंधन आलं: गंभीर ओलीची तक्रार दहा कामकाजी दिवसांत तपासायची, तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल करायची. तिथल्या अनेक गृहसंस्था आता घराघरांत तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर बसवतात.

मात्र तिथला 'खिडकी उघडा' हा सल्ला पुण्यात जसाच्या तसा चालत नाही. थंड देशात बाहेरच्या हवेत बाष्प मुळातच कमी असतं, म्हणून खिडकी उघडली की घर कोरडं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवाच भरलेली. शिवाय टक्केवारी फसवते. समजा, रात्री घरात २७ अंश आणि ८० टक्के आहे, गॅलरीत २४ अंश आणि ९० टक्के. नव्वद बघून माणूस खिडकी लावून घेईल. पण गरम हवेत बाष्प जास्त मावतं. ग्रॅममध्ये मोजलं तर घरातल्या एका घनमीटर हवेत साधारण साडेवीस ग्रॅम पाणी आहे, बाहेर साडेएकोणीस. म्हणजे खिडकी उघडण्यातच फायदा. घरात २६ अंश आणि ७० टक्के असतील, तर त्याच बाहेरच्या हवेने घर आणखी ओलं होईल. म्हणून एकटा सेन्सर फारसा उपयोगाचा नाही. निदान तीन हवेत: एक खोलीच्या मध्यावर, एक संशयित भिंतीला लागून कपाटामागे, एक गॅलरीत पाऊस लागणार नाही असा.

यंत्र साधं आहे. बाष्प शोषणारा एक पातळ थर दोन विद्युतपट्ट्यांमध्ये असतो. ओलाव्याप्रमाणे त्याची विद्युतधारकता बदलते आणि छोटी चिप तो बदल टक्क्यांत सांगते. इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टला वापरतात तो डीएचटी-२२ साधारण दोन टक्के इकडेतिकडे दाखवतो, त्याचा स्वस्त भाऊ डीएचटी-११ पाच टक्के. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन जेमतेम ओलं करा, सेन्सरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. नसेल, तर जेवढा फरक तेवढी बेरीज-वजाबाकी कायम मनात धरायची.

आता मुख्य गोष्ट, आलेख वाचणं. बुरशीला पाण्याची धार लागत नाही. भिंतीलगतची हवा काही दिवस सलग ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरतं. पण ते ८० कशामुळे, हे आलेखाच्या चालीवरून कळतं. सकाळी आंघोळी, कुकरच्या शिट्ट्या, दोरीवरचे कपडे यांच्या वेळेला आकडा चढतो आणि पंखा लावल्यावर, एक्झॉस्ट चालू केल्यावर उतरतो, तर ती ओल राहणाऱ्यांची. खोलीच्या मध्यावर सगळं ठीक, पण कपाटामागचा आकडा रात्रंदिवस वरच आणि जोराच्या पावसानंतर काही तासांनी आणखी चढतो, तर पाणी भिंतीतून येतंय. आणि मार्चमध्येही तो खाली येत नसेल, तर पावसाला नावं ठेवू नका, वरच्या मजल्यावरचं बाथरूम बघा.

तरीही शंका राहिली तर भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली.

पेठांतल्या वाड्यांना ओल नव्हती, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तळमजल्याच्या खोल्यांना बारा महिने कुबट वास असे. पण विटा-चुन्याच्या जाड भिंती ओल घेत आणि उन्हाळ्यात सोडतही. आताच्या चार-सहा इंची भिंतीला आतून जिप्सम आणि वर प्लॅस्टिक पेंट. शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. दर मे महिन्यात वरून नवा हात मारणं म्हणजे ती वाट आणखी बंद करणं.

कायद्याचं काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरूला दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. ग्यानबाची मेख अशी, की अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करणारा कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू'च नसतो. त्याच्या हातात फक्त करारातली कलमं. दुसरीकडे, बाहेरची भिंत आणि गच्चीची गळती ही आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी आहे. त्यामुळे बरेचदा मालक आणि भाडेकरू भांडत बसतात आणि दुरुस्ती ज्याने करायची ती सोसायटी निवांत असते. आलेख घेऊन दोघांनी मिळून सेक्रेटरींकडे जाणं हाच शहाणपणा.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवं. आर्द्रतेच्या आलेखावरून घरात माणसं कधी असतात, कधी नसतात, हेही कळतं. म्हणून सेन्सर आणि त्याचं खातं राहणाऱ्याच्या ताब्यात असावं आणि नोंदी तक्रारीपुरत्या मालकाला दाखवाव्यात. उलट झालं तर ती पाळत होईल.

पुढचा करार नोंदवताना ठरावीक नमुन्यावर नुसती सही करू नका. दोन ओळी घालून घ्या: ताबा घेताना भिंतींचे फोटो दोघांनी मान्य करायचे आणि बाहेरून किंवा वरून येणाऱ्या ओलीचा खर्च डिपॉझिटमधून कापायचा नाही. सेन्सर मे महिन्यातच लावा, म्हणजे पावसाआधीचे कोरडे आकडेही हाताशी राहतील.