चितार आळीच्या स्मृती : वस्तूंच्या जतनाकडून पेठेच्या जतनाकडे

बाजारपेठेचा इतिहास लिहिताना व्यापार, जकात व रस्ते यांची नोंद होते. पेठेत वावरणाऱ्यांच्या आठवणी मात्र बहुधा कागदावर येत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची चितार आळी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लाकडी खेळणी, रंगीत फळे, पाट, चौरंग यांसाठी ती महाराष्ट्र-गोव्यात प्रसिद्ध आहे.

'चितार आळी' हे नाव हाच एक दस्तऐवज होय. चितारी म्हणजे चित्रे रंगविणारा, लाकडावर लाखकाम करणारा कारागीर. आळीला तिचे नाव विक्रेत्यांवरून नव्हे, तर करणाऱ्यांवरून मिळाले. दुकाने उरली आणि काम करणारे हात तेथून गेले, तर हे नाव केवळ पाटीपुरते राहील. ही शक्यता दूरची नाही. प्लॅस्टिकची खेळणी स्वस्त झाली, पुढची पिढी नोकरीकडे वळली आणि पर्यटकाला वस्तू हवी असते, तिची घडण पाहण्याइतकी सवड त्याला नसते.

स्मृती वेळीच विचारली तर काय साधते, याचा दाखला याच गावात आहे. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येकी बारा पाने, अशी 120 पाने असतात. ही कला लोपत असताना 1970 च्या दशकाच्या प्रारंभी शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात तिचे काम पुन्हा उभे केले. चिंचोक्याची खळ, पानांना द्यावयाचे थर, लाखेचा लेप हे तपशील ग्रंथात नव्हते. एका माणसाच्या हातात होते. (आज ही पाने खेळण्यापेक्षा भेट देण्यासाठीच अधिक घेतली जातात, हा भाग वेगळा.)

2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते स्वागतार्ह आहे. पण मानांकन वस्तूच्या नावाचे संरक्षण करते, आळीच्या आठवणींचे नाही. पांगाऱ्याचे हलके लाकूड कोठून येई, ते किती दिवस वाळवीत, गणेशचतुर्थीपूर्वी कामाची वाटणी कशी होई, उधारी कोणत्या विश्वासावर चाले, या गोष्टी कोणत्याही प्रमाणपत्रात येत नाहीत. घरगुती कारागिरीत स्त्रियांनी केलेले काम तर दुकानाच्या पाटीवरही येत नाही. म्हणून मुलाखतींत त्यांना स्वतंत्रपणे विचारणे अगत्याचे आहे, दुकानमालकाच्या उपस्थितीत नव्हे.

असे संकलन आळीतच, दुकानागणिक चालत जाऊन व्हावे. जागा समोर असली की आठवण सुचते. सभागृहात बसवले की माणूस भाषण करतो. नोंद मालवणीतच ठेवावी, कारण अवजारांची व रंगछटांची नावे प्रमाण मराठीत आणताना हरवतात. सोबत जुन्या चोपड्या, रोजमेळ, छायाचित्रे आणि नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या नोंदी पडताळून पाहाव्यात. स्मृती वर्षे चुकविते, चोपडी माणसे विसरते; दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज पेठ उभी राहत नाही.

हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी प्रकल्परूपाने करू शकतात. ध्वनिमुद्रणाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात व दुसरी संबंधित कुटुंबाकडे राहावी. प्रारंभ मात्र सर्वांत वयोवृद्ध कारागिरांपासून व्हावा.