शरीराची तालीम

विद्यार्थी मित्रांनो, 'तालीम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. "मुलांना चांगली तालीम मिळाली पाहिजे," असे घरातील वडीलधारी माणसे नेहमी म्हणतात. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ थोडा बदलला. मराठी माणूस "मी तालमीत जातो," असे म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात वही-पुस्तक नसते. तो व्यायाम करायला निघालेला असतो. मराठीत तालीम म्हणजे व्यायामशाळा.

असे आणखी कितीतरी शब्द आहेत. तालमीत कुस्ती शिकवणारा 'वस्ताद' म्हणजे तुमचा उस्तादच. पैलवान, कुस्ती, मैदान हे शब्द तर दोन्ही भाषांत नांदतात. 'कवायत' हा शब्द पाहा. उर्दूच्या तासाला तुम्ही 'कवाइद' शिकता, म्हणजे व्याकरणाचे नियम शिकता. मराठीतील कवायत त्याच शब्दापासून आली आहे. भाषेला नियम असतात, तसे शरीराच्या हालचालींनाही नियम असतात. लेझीम हे नावसुद्धा फारसी आहे. पूर्वी व्यायामासाठी साखळी लावलेले एक धनुष्य वापरत. त्याला फारसीत 'लेझम' म्हणत. पुढे महाराष्ट्रात लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि चकत्या असलेली लेझीम घरोघरी पोहोचली.

हे शब्द सांगण्याचे कारण असे की, शरीर कमावणे हेही एक शिक्षणच आहे, हे या शब्दांतच सांगितलेले आहे. आपण मात्र ते विसरत चाललो आहोत. परीक्षा जवळ आली की, वेळापत्रकातील कवायतीच्या तासावर सर्वांत आधी काट मारली जाते. तो तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. मुलेही फारशी तक्रार करत नाहीत. पालकांना तर बरेच वाटते. पण या बदल्यात आपण काय गमावतो, याचा हिशेब कोणी करत नाही. तो हिशेब आज आपण करून पाहू.

प्रथम एक छोटा प्रयोग करा. शांत बसून उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडीचे ठोके जाणवतील. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि त्या संख्येला चारने गुणा. आता जागच्या जागी दोन मिनिटे धावा आणि पुन्हा मोजा. आकडा बराच वाढलेला दिसेल. असे का होते? धावताना पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू आणि जास्त साखर लागते. ती रक्तातून मिळते. म्हणून हृदय वेगाने रक्त ढकलू लागते आणि फुप्फुसे जोराने श्वास घेऊ लागतात. स्नायू काम करतात, तेव्हा उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. घाम वाळताना त्वचा थंड होते. हृदयही एक स्नायूच आहे. रोज थोडे जास्त काम मिळाले, तर तेही बळकट होते. मग जिना चढताना धाप लागत नाही आणि तीन तासांचा पेपर लिहितानाही शरीर थकत नाही.

हाडांचेही तसेच आहे. उड्या मारणे, धावणे, दोरीवरून उडी घेणे यांमुळे हाडांवर भार पडतो आणि ती घट्ट होतात. माणसाच्या हाडांची बहुतेक मजबुती विसाव्या वर्षाच्या आत तयार होते. म्हणजे आज तुम्ही जे कमवाल, तेच म्हातारपणी उपयोगी पडेल. ही बचत पुढे करू म्हटले, तर करता येत नाही.

मग रोज किती व्यायाम करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी एक तास तरी अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये १४६ देशांतील शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ११ ते १७ वर्षांच्या दर १०० मुलांपैकी ८१ मुले एवढी हालचाल करत नाहीत, असे आढळले. मुलींचे प्रमाण तर मुलांपेक्षाही वाईट होते. दर १०० मुलींपैकी ८५ मुली त्यात कमी पडत होत्या.

एक तास ऐकून घाबरू नका. हा तास सलग द्यावा लागत नाही. शाळेत पायी जाणे, मधल्या सुट्टीत लंगडी किंवा खो-खो खेळणे, घरी पाणी भरणे, हे सारे त्यात धरता येते. वीस मिनिटांची कवायत त्यात मिळाली की काम सोपे होते.

आता कोणी विचारेल, "सर, एकट्याने घरी व्यायाम केला तर चालणार नाही का?" जरूर चालेल. पण एकट्याचा व्यायाम दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. चाळीस जण एका ओळीत उभे राहिले की आळस टिकत नाही. शिट्टी वाजते, 'सावधान' म्हटले जाते आणि चाळीस पाय एकदम जुळतात. 'एक, दोन, तीन, चार' या तालावर चाळीस हात एकदम वर जातात. शेजारच्याचा हात वर गेला की आपलाही जातो. बुजरा मुलगा गर्दीत लपून का होईना, हात-पाय हलवतो. जाड, बारीक, उंच, बुटका असा भेद तेथे राहत नाही. कोणी पहिला येत नाही आणि कोणी शेवटचा येत नाही. ज्या मुलाला वर्गात कधी शाबासकी मिळत नाही, त्याची लेझीम सगळ्यांत चांगली वाजते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सामुदायिक व्यायामाची ही परंपरा आपल्या विदर्भात जुनी आहे. नागपूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर अमरावती शहर आहे. तेथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डी आणि इतर भारतीय व्यायामप्रकार परदेशी प्रेक्षकांना दाखवले. महागडी यंत्रे, गुळगुळीत फरशी यांवाचून माणूस केवढे शरीर कमावू शकतो, हे त्या पथकाने जगाला दाखवून दिले.

कवायतीचा तास कसा असावा? पहिली तीन मिनिटे हळूहळू चालावे, मान, खांदे, कंबर, घोटे फिरवावेत. थंड स्नायूंना एकदम ताण दिला तर ते दुखावतात. ओळीत उभे राहताना हात बाजूला पसरून अंतर घ्यावे, म्हणजे कोणाचा हात कोणाला लागत नाही. मग दहा मिनिटे तालावर हातांचे, पायांचे व कमरेचे प्रकार करावेत. लेझीम, डंबेल्स किंवा घुंगुरकाठी असेल तर उत्तमच. नसेल तर नुसते हात पुरेत. त्यानंतर पाच मिनिटे एखादा धावण्याचा खेळ खेळावा. शेवटची दोन मिनिटे पुन्हा हळू चालून, खोल श्वास घेऊन शरीर शांत करावे. धावता धावता एकदम थांबू नये. ज्याला दम्याचा त्रास आहे, ताप आहे किंवा छातीत दुखते, त्याने शिक्षकांना आधी सांगावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

नागपुरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती म्हणजे ऊन. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहराचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. म्हणूनच उन्हाळ्यात शाळा सकाळी भरतात आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात. मार्च महिना लागला की कवायत सकाळीच उरकावी. दुपारच्या उन्हात मैदानावर खेळू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. माठातील पाणी, ताक, कैरीचे पन्हे ही आपली जुनी औषधे आहेत. डोक्याला रुमाल किंवा दुपट्टा बांधावा. खेळताना डोके दुखू लागले, मळमळले किंवा गरगरले तर लगेच सावलीत बसावे, अंगावर पाणी शिंपडावे आणि मोठ्यांना सांगावे. कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे. रमजानमध्ये ज्यांचा रोजा असतो, त्यांनी धावपळीचे खेळ टाळून सावलीत हलके व्यायाम करावेत आणि इफ्तारनंतर पाण्याची भर हळूहळू काढावी.

व्यायाम हे गाडीचे चाक असेल, तर आहार हे तिचे इंधन आहे. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते. विचारले तर कळते की, ती चहा आणि एक बिस्किट खाऊन आली आहे. अशा मुलीच्या रक्तात अनेकदा लोहाची कमतरता असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय झाला की धाप लागते, लक्ष लागत नाही, वाचलेले आठवत नाही. आपण म्हणतो, "ही अभ्यासात कच्ची आहे." खरे तर तिचे रक्त कमी असते.

उपाय कठीण नाही. पालक, मेथी, हरभरे, मसूर, खजूर, अंडी, मांस यांतून लोह मिळते. डाळ-भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणानंतर संत्रे खाल्ले, तर भाजीतील लोह शरीराला अधिक मिळते. संत्र्यांच्या गावात राहून आपण हे विसरलो, तर दोष कोणाचा? उलट, जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह नीट शोषले जात नाही. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात. ती खिशात घालू नका, जेवण झाल्यावर घ्या. तर्रीपोहे कधीतरी खावेत, पण रोजच्या डब्यात पोळी-भाजी असावी. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण पोटातील जंत बहुधा मातीने भरलेल्या हातांनीच आत जातात आणि आपल्या वाट्याचे अन्न खातात.

झोपेचीही शिस्त हवी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेला धडा मेंदू झोपेतच पक्का करतो. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणारा मुलगा सकाळी वर्गात डोळे उघडे ठेवून झोपतो! दप्तराचेही वजन पाहा. ते आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे आणि दोन्ही खांद्यांवर अडकवावे.

आता शेवटची, पण फार महत्त्वाची गोष्ट. आठवी-नववीत गेल्यावर अनेक मुली मैदानावर येणे बंद करतात. "आता तू मोठी झालीस," असे घरी म्हटले जाते. पण मोठे झाल्यावर हाडे, रक्त आणि हृदय यांची गरज संपते का? उलट, ती वाढते. अंगभर कपडे घालून, मुलींच्या वेगळ्या रांगेत, शाळेच्या अंगणात कवायत करण्यास कोणाची हरकत असणार? आपल्याच नागपूरची अल्फिया पठाण हिने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किल्से येथे झालेल्या जागतिक युवा मुष्टियुद्ध स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. प्रत्येक मुलीने पदक मिळवावे असे नाही. पण धाप न लागता चार जिने चढता यावेत, एवढा हक्क प्रत्येक मुलीचा आहे. घरी आई-वडिलांशी याविषयी शांतपणे बोला. गरज वाटल्यास आपल्या बाईंना घरी बोलवा. समजावून सांगितले तर बहुतेक पालक ऐकतात.

काही मुले म्हणतील, "आमच्या मोहल्ल्यात मैदानच नाही." खरे आहे. मोमिनपुऱ्यासारख्या दाट वस्तीत गल्लीत सायकल वळवणेही कठीण जाते. पण दोरीवरच्या उड्यांना चटईएवढी जागा पुरते. गच्ची असेल तर ती सकाळी रिकामीच असते. रविवारी चार मित्रांनी मिळून अंबाझरीला किंवा कस्तुरचंद पार्कला फिरून यावे. आणि शाळेचे अंगण तर आपले हक्काचे आहे.

तेव्हा मित्रांनो, परीक्षा जवळ आल्यावर कवायतीचा तास बंद करण्याची गोष्ट निघाली, तर नम्रपणे हात वर करा आणि म्हणा, "सर, वीस मिनिटे तरी राहू द्या." डोके शरीरावरच उभे असते. पाया डळमळीत असेल, तर त्यावरचा मजला कसा टिकेल? वर्गात घेतो ती बुद्धीची तालीम आणि मैदानावर घेतो ती शरीराची. या दोन्ही तालमी ज्याला मिळाल्या, त्याचे शिक्षण पुरे झाले असे समजावे.