वेढ्यातील यरुशलेम आणि दोन संदेष्टे (लेखांक सहावा)

युद्धाच्या काळात देव आपल्याबरोबर आहे असा विश्वास धरणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाची जुन्या करारातील सर्वांत कठोर परीक्षा यरुशलेम या एकाच नगरात झालेली दिसते. मागील लेखांकात विलापस्तोत्रांचा विचार झाला. या लेखांकात त्या नगराला एका शतकाहून थोड्या अधिक अंतराने पडलेल्या दोन वेढ्यांचा आणि त्या प्रसंगी संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचे म्हणणे लोकांसमोर मांडणाऱ्या पुरुषांनी, दिलेल्या परस्परविरुद्ध वाटणाऱ्या सल्ल्यांचा विचार करावयाचा आहे.

पहिला वेढा इ.स.पू. ७०१ मधील. यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरच्या साम्राज्याला खंडणी देणे थांबवले, तेव्हा सम्राट सन्हेरीब चालून आला. त्याच्या मातीच्या कोरीव स्तंभावरील वृत्तांतात ४६ तटबंद नगरे घेतल्याचा दावा आहे, आणि त्यांपैकी लाखीशच्या पाडावाची शिल्पे, ज्यांत बायकामुलांसह घरदार सोडून निघालेले बंदिवान दिसतात, त्याने निनवे येथील राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली; ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेमबद्दल मात्र तो हिज्कीयाला कोंडल्याचे व भरघोस खंडणी मिळाल्याचे सांगतो, नगर घेतल्याचे सांगत नाही. बायबल या सुटकेचे श्रेय देवाला देते, परंतु राजाने मंदिराच्या दारांवरील सोने उतरवून शत्रूला दिले, हेही ते लपवत नाही, आणि ही प्रांजळता महत्त्वाची आहे.

नगराबाहेरील गीहोन झऱ्याचे पाणी तटाच्या आत आणण्यासाठी दोन्ही टोकांकडून खडक फोडत खोदलेला सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा सामान्यतः हिज्कीयाच्याच काळातला मानला जातो. यशया संदेष्ट्याची तक्रार पाण्याच्या तजविजीवर नव्हती. तट दुरुस्त करणाऱ्या, तलाव बांधणाऱ्या लोकांनी, ज्याने हे सर्व पूर्वीच योजले त्याच्याकडे पाहिले नाही, ही त्याची खंत होती, आणि मिसरच्या घोड्यांवर व रथांवर भिस्त ठेवण्याला तर त्याचा उघड विरोध होता. म्हणजे येथे विश्वास हा प्रयत्नांना पर्याय नाही; भीतीपोटी कोणाच्या पायाशी जावयाचे, हे ठरवणारी ती निष्ठा आहे. स्तोत्र ४६ मध्ये राष्ट्रे खवळलेली असताना देवाच्या नगराला आनंद देणाऱ्या नदीचे वर्णन येते, ते काही अभ्यासक याच वेढ्याशी जोडतात. स्तोत्रात ना राजाचे नाव आहे ना वर्ष, त्यामुळे हा संबंध अनुमानाचाच राहतो. तथापि यरुशलेमला नदी नाही, आहे तो एक झरा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ओळींचे धाडस अधिक कळते.

पण वाचलेल्या नगराने आपल्या सुटकेचा सिद्धांत केला. मंदिर येथे आहे, म्हणून हे नगर पडणारच नाही, अशी समजूत रूढ झाली, आणि तिच्यावर यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्याच दारात उभे राहून घाव घातला. विधवा, अनाथ आणि परका यांच्यावर जुलूम करून पुन्हा मंदिराचा आसरा घेणे ही फसवणूक आहे, असे त्याने बजावले. त्याबद्दल त्याला ठार मारण्याची मागणीही झाली. पुढे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा वेढा पडल्यावर त्याने शरण जाण्याचा सल्ला दिला. यशयाने धीर धरावयास सांगितले, यिर्मयाने नगर हातचे जाणार म्हणून सांगितले. तरीही दोघांचा देव एकच होता, कारण दोघांच्याही लेखी देवाचे सान्निध्य ही तटबंदीची हमी नव्हती. स्तोत्र ४६ सुरक्षिततेचा करार म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक पिढीने यिर्मयाही वाचावयास हवा, कारण बॉम्ब पडले म्हणून देव सोडून गेला आणि बचावलो म्हणून देव आपल्याच पक्षाचा, ही दोन्ही अनुमाने सारखीच घातक आहेत.

इ.स.पू. ५८७ च्या सुमारास नगर पडले, मंदिर जळाले. त्याआधीच बाबेलला नेलेल्यांपैकी यहेज्केलला खबार कालव्याच्या काठी, परक्या मुलखात, चाकांसह फिरणाऱ्या सिंहासनाचे दर्शन झाले होते. देवाचे तेज मंदिरापुरते बांधलेले नाही, हा त्याचा अर्थ. यिर्मयाने हीच गोष्ट व्यवहारात उतरवली. वेढा चालू असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, त्याने चुलतभावाकडून अनाथोथ गावचे शेत १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले, साक्षीदारांसमोर खरेदीखत केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवावयास सांगितले. ज्या नगराचा पाडाव तो अटळ म्हणत होता, त्याच्याच परिसरातील जमीन त्याने पूर्ण किंमत मोजून घेतली. ते शेत त्याला कसावयास मिळाले नाही. नगर पडल्यानंतर त्याचेच देशबांधव त्याला बळजबरीने मिसरात घेऊन गेले. मात्र एज्राच्या ग्रंथात बाबेलहून परतलेल्यांची जी यादी आहे, तिच्यात अनाथोथचे १२८ पुरुष नोंदवलेले आहेत.