वाटेत अडलेले पत्र

इजिप्तमध्ये उतरलेला फ्रेंच सेनापती नेपोलियन बोनापार्ट याने २६ जानेवारी १७९९ रोजी कैरोहून म्हैसूरच्या टिपू सुलतानास पत्र लिहिले. पत्राच्या शिरोभागी स्वातंत्र्य व समता हे क्रांतीचे शब्द होते. सुलतानास असे पत्र जावे, हे नवलच! तारीखही निराळीच : पर्जन्यमास ७, वर्ष ७. राजसत्ता नष्ट झाली त्या १७९२ सालापासून फ्रेंचांनी नवी कालगणना धरली होती. आपणांस इंग्रजांच्या जोखडातून सोडवावयाचे आहे, तरी सुएझ किंवा कैरो येथे विश्वासू माणूस धाडावा, असा मजकूर. खाली बोनापार्टची सही. परंतु पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती पडले. टिपू ते वाचू शकला नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, आणि तो लढता लढता मारला गेला.